दुसऱ्या फोटोसाठी

रोजगार हमीच्या कामावर चर खणणाऱ्याची मजुरी मातीवर ठरते. चर किती लांब, किती रुंद, किती खोल, जमीन मुरमाड की काळी, उपसलेली माती किती दूर नेऊन टाकली, हे सगळं तांत्रिक सहाय्यक फीत लावून मोजतो, मोजमाप पुस्तिकेत लिहितो आणि दरपत्रकाप्रमाणे पैसे निघतात. जेवढं काम तेवढा दाम. या हिशेबात घड्याळाला फारसं स्थान नाही. म्हणून तर उन्हाळ्यात मजुरांच्या टोळ्या उजाडायच्या आत टिकाव-फावडं उचलतात आणि ऊन डोक्यावर यायच्या आधी नेमून दिलेलं काम उरकून घराकडे वळतात.

१ जानेवारी २०२३ पासून हे घराकडे वळणं अवघड झालं. त्या दिवसापासून मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी मोबाईल अ‍ॅपवरून घेणं देशभर सक्तीचं झालं. सकाळी हजेरीबरोबर पहिला फोटो, आणि त्यानंतर चार तासांनी दुसरा. दोन्ही फोटोंवर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते. चर खणून झाला असला तरी बाईने दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं, नाहीतर घरी जाऊन चूल-पाणी, लेकराबाळांचं आटोपून केवळ कॅमेऱ्यासमोर उभं राहायला पुन्हा पायपीट करायची. तिचं काम मोजायला फीत आहेच. आता तिचा वेळही मोजला जातो, आणि त्या वेळेचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

या अ‍ॅपचं नाव नॅशनल मोबाईल मॉनिटरिंग सिस्टीम. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ते मे २०२१ मध्ये आणलं, १६ मे २०२२ पासून वीस किंवा जास्त मजुरांच्या कामांवर लागू केलं, आणि पुढच्या जानेवारीपासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळीकडे. ते चालवायचं मेटने. मेट म्हणजे मजुरांपैकीच थोडी शिकलेली बाई किंवा माणूस. त्याने आपल्या फोनवर अ‍ॅप उघडायचं, त्या आठवड्याचं मस्टर काढायचं, एकेका नावापुढे हजर-गैरहजरची खूण करायची, सगळ्यांना एकत्र उभं करून फोटो घ्यायचा आणि तो वर चढवायचा.

ऐकायला सोपं आहे. पण धडगाव, अक्कलकुवा, चिखलदरा, धारणी या भागांत कामाचं ठिकाण बहुतेक वेळा डोंगराच्या उतारावर किंवा नाल्यात असतं, आणि मोबाईलची रेंज दुसऱ्याच टेकडीवर. तक्रारी वाढल्यावर मंत्रालयाने सकाळची हजेरी नेटवर्कशिवाय नोंदवून नंतर पाठवण्याची सोय केली. अपवादात्मक अडचणीत हाताने हजेरी लावण्याचीही मुभा आहे, पण तो अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकाचा. अ‍ॅप बंद पडतं ते नाल्याच्या काठावर आणि दुरुस्ती करणारा माणूस बसतो जिल्ह्याच्या गावी. मधलं अंतर मेटने कापायचं. तोवर काम केलेला दिवस खाड्यात जमा होण्याची भीती मजुराच्या मानेवर असते. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. हातावर पोट असलेल्या घरात एका खाड्याची किंमत काय, हे निराळं सांगायला नको.

हे सगळं महाराष्ट्राच्या विशेष जिव्हाळ्याचं आहे, कारण ही योजना मुळात इथली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात तिचा पहिला प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पाझर तलाव, नाला बंडिंग, गावोगावचे खडीचे रस्ते हे त्या घामातून उभे राहिले. देशाचा मनरेगा कायदा २००५ चा, म्हणजे पाव शतकानंतरचा. योजनेच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची कपात दिसते, ती याच कराची.

आणि महाराष्ट्रालाच हेही ठाऊक आहे की मस्टरमध्ये खोटेपणा असतो. बोगस मजूर, मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेली मजुरी, यंत्राने काम करून घेऊन मस्टरवर दाखवलेली माणसं, अशी प्रकरणं रोजगार हमीच्या सुरुवातीपासून गाजत आली. तेव्हा देखरेख नकोच, असं म्हणणं खोटं ठरेल. माणसाने माणसावर ठेवलेली देखरेखही काही फार दयाळू नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती भरती, बढती आणि हजेरी असे. त्याचा हात ओला केल्याशिवाय काम मिळत नाही, हे ब्रिटिशकालीन व्हिटली कामगार आयोगाने १९३१ मध्ये नोंदवलं. बदली कामगारांची नेमणूक जॉबरच्या मर्जीतून सोडवण्यासाठी मुंबईत १९३५ पासून बदली नियंत्रण पद्धत आणावी लागली. लहरी मुकादमापेक्षा यंत्र बरं, असं एखाद्या कामगाराला वाटलं तर त्यात नवल नाही.

मग यंत्राने चोरी थांबवली का? याचं उत्तर खुद्द मंत्रालयानेच दिलं. ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात त्याने राज्यांना कळवलं की अ‍ॅपवर कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, जिवंत माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढला जात आहे, फोटोतल्या माणसांचा आकडा आणि नोंदीतला आकडा जुळत नाही, बायका-पुरुषांचं प्रमाण जुळत नाही, तोच मजूर अनेक मस्टरांवर दिसतो आहे, आणि दुपारचे फोटो चढवलेच जात नाहीत. उपाय म्हणून काय सांगितलं? ग्रामपंचायतीने शंभर टक्के फोटो आणि हजेऱ्या माणसाकरवी तपासाव्यात, आणि त्यावर तालुका, जिल्हा, राज्य पातळीवर नमुना तपासणी व्हावी. म्हणजे खोटं मस्टर लिहिणाऱ्याला खोटा फोटो चढवायला वेळ लागला नाही. खरा त्रास झाला तो चार तास थांबणाऱ्या बाईला.

याच योजनेत देखरेखीची दुसरी एक रीत होती, आणि तिची पाळंमुळं राजस्थानात आहेत. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडूंगरी गावात काम करणाऱ्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनावणी घेतली. मस्टरवरची नावं गावासमोर मोठ्याने वाचून दाखवायची, आणि ज्याचं नाव त्याने उठून सांगायचं: मी या कामावर होतो, किंवा नव्हतो. कामावर न गेलेल्यांच्या नावाने पैसे उचलल्याचं भर मांडवात उघडं पडलं. त्या लढ्यातून माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने करायच्या सामाजिक अंकेक्षणाचं कलम आलं. कागदाचं मस्टर कामावरच ठेवायचं, मजुराने त्यावर अंगठा किंवा सही करायची, कुणालाही ते पाहता यायचं. चोरी पकडण्याची ताकद तिथे मजुराच्या हातात होती.

अ‍ॅपने ती ताकद मजुराच्या हातून काढून घेतली. फोटो सरकारी संकेतस्थळावर सगळ्या जगाला दिसतात, पण ज्या बाईचा फोटो आहे तिला आपली हजेरी लागली की नाही हे मेटच्या फोनमध्ये डोकावल्याशिवाय कळत नाही. आपल्या सहीचं पान दाखवून ‘मी त्या दिवशी होते’ म्हणायची सोय उरली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मजूर संघटनांनी दिल्लीत जंतरमंतरवर शंभर दिवसांचं धरणं सुरू केलं, त्यातल्या मुख्य मागण्यांत हे अ‍ॅप मागे घेण्याची मागणी होती. मजूर हिशेबाला भीत नाहीत. हिशेबाची वही आपल्या हातून गेली, हे त्यांचं दुखणं आहे.

नागपुरात वहीची जागा घड्याळाने घेतली. महापालिकेने सुमारे आठ हजार सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. ऐवजदार म्हणून, म्हणजे कायम न होता, वर्षानुवर्षं राबणारे कामगारही त्यात आले. कामगार ठरलेल्या बीटमध्ये आहे की बाहेर, किती वाजता आला, किती वाजता गेला, हे नियंत्रण कक्षातल्या नकाशावर ठिपक्यासारखं दिसू लागलं आणि पगाराचा हिशेब त्यावर होऊ लागला. नवी मुंबई, पंचकुला, चंदीगड इथेही अशीच घड्याळं आली. चंदीगड आणि पंचकुलातल्या कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. घड्याळात कॅमेरा आणि माइक असेल, तर शौचालयात जायचं कसं, ही भीती तिथल्या बायकांनी वार्ताहरांना बोलून दाखवली.

घड्याळामुळे अनेक वर्षांची कामचुकारी आणि हजेरी लावून गायब होणारी नावं उघडी पडली, असं पालिका सांगतात. ते अगदीच नाकारता येणार नाही. पण ज्या हातावर घड्याळ आहे त्या हाताला हातमोजा मिळाला का, पायाला गमबूट आहे का, हे त्या ठिपक्याला कळत नाही. झाडू मारणारे बहुसंख्य लोक दलित जातींतले आहेत. शहराचा सगळा मैला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलला, त्यांच्याच मनगटावर नगराचा पहिला पट्टा चढावा आणि त्यांच्यावरच्या अभियंत्याच्या, अधिकाऱ्याच्या चढू नये, याचा राग यायलाच हवा. फिरतीवर गेलेला अधिकारी खरंच फिरतीवर आहे का, हेही जीपीएस तितक्याच अचूकपणे सांगेल.

कार्यालयात बसणाऱ्याला वाटतं की हे आपल्याला लागू नाही. प्रत्यक्षात त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या संगणकात बसलेलं असतं. कोणत्या खिडकीत किती मिनिटं गेली, कळफलक किती वेळ शांत होता, सभेत किती वेळ गेला, हे टिपणारी सॉफ्टवेअर गेली पंधरा-वीस वर्षं विकली जात आहेत, आणि त्यातल्या एका नावाजलेल्या कंपनीचा जन्म पुण्यातला. सॅपियन्स अ‍ॅनालिटिक्स २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. कर्मचाऱ्याला वेगळं काही भरायला न लावता त्याचा दिवस कुठे जातो हे दाखवणं, हा तिचा व्यवसाय.

तेच सॉफ्टवेअर फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनमध्ये बातमीचा विषय झालं. बार्कलेज बँकेने आपल्या मुख्यालयातल्या गुंतवणूक विभागाच्या एका शाखेत ते चाचणीसाठी लावलं होतं. कर्मचारी जागेवर किती वेळ आहे याची नोंद होई, शौचालयाला गेलेला वेळ हिशेब न लागलेल्या खात्यात पडे, आणि काल कामात पुरेसं लक्ष नव्हतं, विश्रांती टाळा, अशा अर्थाचे संदेश त्यांना येत. लंडनच्या वर्तमानपत्राने हे छापलं आणि काही दिवसांत बँकेने व्यक्तिगणिक आकडे वरिष्ठांना दाखवणं बंद केलं. ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने चौकशी सुरू असल्याचं सांगितलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. बँकेतल्या माणसांना बातमीदार गाठता आला, म्हणून एका आठवड्यात गाडी वळली. नागपूरच्या ऐवजदाराला किंवा धारणीच्या मेटला ही वाट इतकी सोपी नाही.

फ्रान्समध्ये मात्र गोदामातल्या मजुरांसाठी राज्याची यंत्रणाच उभी राहिली. तिथल्या विदा (डेटा) संरक्षण आयोगाने अ‍ॅमेझॉनच्या गोदामं चालवणाऱ्या फ्रेंच कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड केला. २७ डिसेंबर २०२३ चा हा निर्णय २३ जानेवारी २०२४ ला जाहीर झाला. मजुराच्या हातातल्या स्कॅनरमधून तीन नोंदी काढल्या जात. आधीच्या वस्तूनंतर सव्वा सेकंदाच्या आत पुढची वस्तू स्कॅन केली तर ती चूक धरायची. दहा मिनिटं किंवा जास्त स्कॅनर थांबला तर ते रिकामपण. एक ते दहा मिनिटांचा खंड असेल तर तोही वेगळा टिपायचा. एका मिनिटाच्या विसाव्याचंही कारण माणसाला द्यावं लागू शकेल, ही गोष्टच आयोगाने अतिरेकी ठरवली. या सगळ्या नोंदी एकतीस दिवस साठवून ठेवण्यालाही त्याने आक्षेप घेतला. गोदाम चालवायला स्कॅनर लागतो, हे त्याने मान्य केलं. वस्तू कुठे आहे हे कळायला हवं. पण वस्तूच्या नोंदीतून माणसाचा प्रत्येक श्वास मोजायची मुभा मिळत नाही.

त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रुमानियातल्या बोगदान बर्बुलेस्कू या अभियंत्याच्या बाजूने निकाल दिला होता. ग्राहकांशी बोलण्यासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवरचे त्याचे खासगी संदेशही मालकाने वाचले, त्यांची ४५ पानांची प्रत त्याच्यासमोर ठेवली आणि त्याला कामावरून काढलं. खासगी वापराला बंदी होती, हे त्याला माहीत होतं. तरीही, देखरेख कशी आणि किती होणार हे आधी सांगितलं होतं का, कमी घुसखोरीचा मार्ग होता का, हे रुमानियाच्या न्यायालयांनी तपासायला हवं होतं, असं युरोपच्या न्यायालयाने ठरवलं. नोकरीच्या दारात पाऊल टाकल्याने माणसाचं खासगीपण शून्य होत नाही, इतकं तरी त्या निकालाने पक्कं केलं.

आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. त्यातलं सातवं कलम कामगाराने नीट वाचायला हवं. नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायची असेल, तर त्याची संमती घ्यायची गरज नाही, असं ते म्हणतं. संमती मागताना द्यायची सूचनाही मग आपोआप गळते. आणि आपली कोणती माहिती गोळा झाली, ती कुणाला दिली, हे विचारण्याचा अकराव्या कलमातला हक्क ज्याने संमती दिली त्यालाच आहे. फ्रान्सचा आयोग ज्या पायावर उभा राहून दंड करतो तो पायाच आपल्या कायद्यात नोकरदाराच्या बाबतीत काढून घेतला आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ मध्ये अमलात यायच्या आहेत. त्या आधी हे कलम दुरुस्त करून घेण्याचा आग्रह कामगार संघटनांनी धरायला हवा. न्यायालयावर विसंबून चालणार नाही. ओडिशातल्या महालेखापाल कार्यालयाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत झाली नाही, एवढ्यावरून बायोमेट्रिक हजेरी बेकायदा ठरत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात वर्षाला शंभरऐवजी १२५ दिवसांचा शब्द आहे, आणि बायोमेट्रिक ओळख, जीपीएस आणि मोबाईलवरून देखरेख यांना थेट कायद्याच्या मजकुरात जागा आहे. अ‍ॅप आता परिपत्रकापुरतं राहिलेलं नाही. म्हणूनच मजुराच्या हाती रोजच्या हजेरीची छापील चिठ्ठी यावी, चुकलेली नोंद त्याच दिवशी गावातच सुधारता यावी, आणि पहिल्या फोटोनंतर काम मोजून झालं असेल तर दुसऱ्याची अट सुटावी, या मागण्या आजच लिहून घ्यायला हव्यात. यातली एकही यंत्राला अवघड नाही.

वेळेची नोंद दोन्ही बाजूंनी वापरता येते, याचा एक नमुना मनरेगात आधीपासून होता. मस्टर बंद झाल्यावर पंधरा दिवसांत मजुरी खात्यावर पडायला हवी. नाहीतर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. मस्टर कधी बंद झालं, पैशाचा आदेश कधी निघाला, हे संगणकात तारखेसह नोंदलेलं असतंच, म्हणजे दिरंगाई कुणाच्या टेबलावर झाली हेही दिसतं. ३१२ रुपयांच्या दराने सहा दिवस राबलेल्या बाईचे १,८७२ रुपये अडकले, तर या हिशेबाने सरकारने तिला द्यायची भरपाई दिवसाला ९४ पैशांच्याही आत भरते.